घवाळी सरांचा उजवा कौल

घवाळी सर अमावास्येला केस कापायला जात. त्या दिवशी गावातला न्हावी दुकान उघडून पेपर वाचत बसलेला असे, कारण अमावास्येला आमच्याकडे कोणी डोक्याला कात्री लावून घेत नाही. सर खुर्चीत बसत आणि म्हणत, "बघ, एवढ्या गावात आज माझा नंबर पहिला. अंधश्रद्धेचे फायदेही असतात." न्हावी हसायचा. एका वर्षी त्यानं सांगून टाकलं, "सर, एका डोक्यासाठी दुकान उघडणं परवडत नाय. तुम्ही आपले दुसऱ्या दिवशी येत जा." सर दुसऱ्या दिवशी जायला लागले. याला ते पराभव म्हणत नसत. "निरीक्षण," म्हणत.

ते खरं तर सर नव्हतेच. हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहाय्यक होते. पण विज्ञानाच्या शिक्षकाची जागा निम्मा काळ रिकामी असायची, तेव्हा तेच शिकवत. बारीक अंगाचे, पँट घोट्याच्या वर, बोटं आम्लानं पिवळी पडलेली. जवळून गेले की स्पिरिटचा वास यायचा.

मी त्याच गावातली, बौद्धवाडीतली. वडील पोस्टात होते. कुठल्याही सभेला गेले की स्टॉलवरून पातळ पातळ पुस्तिका घेऊन यायचे. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे देव नाही हे मला दुसरीतच माहीत होतं, आणि ते समोरच्याला मोठ्यानं सांगायचं असतं, हेही. घवाळी सर भेटेपर्यंत मला वाटायचं, की माणसाला खरं काय ते सांगितलं की आपलं काम झालं.

सर सांगत नसत. विचारत. "कशावरून?" हा एकच प्रश्न, आणि तो कोणालाही. कंडक्टर ओरडला "पुढं सरका, पुढं जागा हाय", की सर गर्दीतून विचारणार, "कशावरून?" मासेवाली म्हणाली "सौंदाळे ताजे हायत", की "कशावरून?" ती कल्ला उघडून लाल दाखवायची आणि शिव्याही द्यायची. पोरं त्यांच्या मागून "कशावरून सर, कशावरून सर" करत जायची. सर वळून म्हणत, "अरे, ओरडू नका, विचारा."

रत्नागिरीपासून एसटीनं पाऊण तासावरचं आमचं गाव. जांभ्याची जमीन, आंब्याच्या बागा, आणि दगडादगडाखाली फुरसं. हा साप वितीएवढा असतो, पण चावला की माणूस जातो. एकदा बागेत गडगा रचताना एका गड्याला चावलं. लोकांनी त्याला घरासमोरच्या खळ्यात निजवलं आणि भगताला आणलं. भगत लिंबाचा पाला फिरवत बसला. रिक्षा दारात उभी होती, पण मंत्र अर्धा सोडला तर माणूस दगावेल, असं भगताचं म्हणणं. मी तेव्हा कॉलेजात होते. मी भगताला काय काय बोलले ते आठवलं की आजही कान तापतात. कोणी हललं नाही. मग सर आले. मला वाटलं, आता हे भांडतील. सरांनी भगताला शांतपणे विचारलं, "मंत्र बसूनच म्हणावा लागतो, की हलत्या गाडीत पण चालतो?"

भगत विचारात पडला. चालत नाही म्हणावं तर मंत्राची ताकद कमी ठरते. "चालतो की," तो म्हणाला.

"मग बस रिक्षात."

भगत मंत्र म्हणत, गडी विव्हळत आणि सर मध्ये पाय आखडून बसून, असे तिघे इस्पितळात गेले. गड्याला लस मिळाली, तो वाचला. चार दिवसांनी त्याच्या घरच्यांनी भगताला कोंबडा दिला.

"सर, श्रेय भगताला गेलं," मी चिडून म्हटलं.

"जाऊ दे. गडी कुठं गेला? घरी. तेवढं पुरे."

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पुढे काय होणार होतं त्याची वाट या रिक्षातूनच गेली होती, असं आता वाटतं.

आमच्या गावात कोणतंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. लग्न, विहीर, जमीन, ऑपरेशन. गुरव ग्रामदेवतेच्या दगडी मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. पाकळ्या ज्याचं काम असेल त्याच्या घरून उजवी-डावी ठरवून येतात, आणि त्या घरचा कर्ता पुरुष तबक घेऊन उभा राहतो. आमची वाडी या देवळात जात नाही. पूर्वी जाऊ देत नव्हते, आता आम्ही जात नाही.

मी दहावीत असताना सरांनी घरून पाटा आणला, प्रयोगशाळेच्या टेबलावर उभा केला आणि आम्हाला चाफ्याच्या पाकळ्या दिल्या. आम्ही तासभर चिकटवत होतो. तासाच्या शेवटी मुलांनीच सांगितलं, की जाड पाकळी झटकून लावली तर लवकर पडते, आणि पातळ पाकळी चांगली भिजवून लावली तर चिकटून राहते. सर म्हणाले, "देव कुठं बसतो ते मला माहीत नाही. पाणी कुठं बसतं ते आज आपण पाहिलं." वर्गात सगळ्यात सफाईनं पाकळ्या लावल्या त्या दत्ता गुरवानं. देवळातल्या गुरवाचाच मुलगा तो. सर म्हणाले, "याचा हात घरचा आहे." दत्ता लाजला होता.

दुसऱ्या दिवशी गावचे मानकरी हेडमास्तरांकडे आले. हेडमास्तरांनी सरांना बोलावून एवढंच सांगितलं, "सर, पाटा घरी न्या."

तो पाटा काकींनी तीनदा धुतला आणि मगच त्यावर चटणी वाटली. काकी म्हणजे सरांच्या पत्नी. घरात त्यांचा देव्हारा होता, सोमवारचा उपास होता, सगळं होतं. आम्ही पाच-सहा पोरं रविवारी सरांच्या ओटीवर बसून अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं लिहायचो, आणि काकी घावन आणि चहा आणून ठेवायच्या. कोणी विचारलं तर सर अभिमानानं सांगत, "तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मी तिला कधी एका शब्दानं टोकलं नाही." आम्हालाही ते फार मोठेपणाचं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात काकींच्या छातीत गाठ निघाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. काकी घरी आल्या आणि म्हणाल्या, "देवाला विचारल्याशिवाय मी अंगाला कात्री लावून घ्यायची नाय."

त्यांच्याकडे कारण होतं. सर तरुण असताना त्यांच्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं. कौल लाव म्हणून सगळं घर पाया पडलं. सर ठाम राहिले. आई टेबलावरच गेल्या. गाव तेव्हापासून म्हणत आलं होतं, की न विचारता नेली म्हणून गेली. सरांनी गावाला पुष्कळ उत्तरं दिली. काकींनी मात्र त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

पंधरा दिवस गेले. सर रोज ऑपरेशनचं बोलत, काकी रोज देवाचं. सोळाव्या दिवशी सर तबक घेऊन देवळात गेले.

देऊळ भरलं होतं म्हणे. वडिलांच्या जागी आता गुरव झालेल्या दत्तानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझा हा लेकरू आज तुझ्या पायाशी उभा हाय. त्याच्या अस्तुरीला डाक्टर कात्री लावायची म्हणतोय. लावायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि उजवी पाकळी पडली.

मी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर पोचले आणि चपला न काढताच विचारलं.

"सर, तुम्ही कौल लावलात?"

"लावला."

"आणि उजवा आला?"

"यायलाच हवा होता." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाकळ्या मी निवडल्या होत्या."

मला समजायला थोडा वेळ लागला. जाड पाकळी, झटकलेली. पातळ पाकळी, भिजवलेली.

"ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"हो."

"काकींना समजावून सांगायचं होतंत."

"समजावायला वेळ लागतो ग. गाठीकडे वेळ नव्हता."

मी तरीही म्हटलं, की आता मी इथं येणार नाही. सर म्हणाले, "चहा तरी घेऊन जा." मी घेतला नाही.

ऑपरेशन झालं, काकी बऱ्या होऊन घरी आल्या. आणि गावानं निकाल लावला. एसटीच्या थांब्यावर मीच ऐकलं. एक मानकरी सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय सर, शेवटी यावाच लागला ना देवाच्या दारात? आणि बघा, देवानं मनात काय ठेवलान् नाय. दिलान् उजवा!" लोक सरांकडे बघत होते. सर रस्त्याकडे बघत होते. बस कुठवर आलीय ते पाहतात तसे. "कशावरून" विचारायची वेळ असून त्यांनी ते विचारलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

रविवारची पोरं एकेक करून गळाली. एकाच्या आईनं सांगितलं, "तुमचे सर वळले, तुम्ही कशाला उन्हात तापताय?"

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ऑपरेशननंतर केमोचे सहा डोस होते, दर एकवीस दिवसांनी एक. आणि काकींनी प्रत्येक डोसाआधी कौल मागितला. एकदा विचारलं आणि बरं झालं, मग पुढं का विचारायचं नाही? त्यांचं चुकत नव्हतं. सर दर एकवीस दिवसांनी सकाळी परसात चाफ्याखाली उभे राहून फुलं निवडत. तबक घेऊन निघत. वाटेत लोक नमस्कार करत. उन्हाळा संपेपर्यंत गावात सर्वांत नेमानं देवळात जाणारा माणूस घवाळी सर झाले होते.

मग लोक त्यांच्याकडे यायला लागले. "सर, तुमच्या हाताला देव पावतो. आमच्या सुनेच्या वेळी उभे राहाल काय?" सर नाही म्हणत. लोकांना वाटे, देवाची मर्जी स्वतःपुरती ठेवतोय.

मी पुन्हा जायला लागले होते. काय करणार. ओटीवर आम्ही दोघंच असायचो. सर पत्रकाचा मजकूर वाचत, एखादा शब्द खोडत आणि कागद परत देत. एकदा म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगितलं, की खोटं बोलून मिळवलेलं बरं नसतं. आता मला रोज वाटतं, बरं असतं की. नुसतं दमायला होतं."

पाचवा डोस जूनच्या शेवटी होता. पाऊस लागून पंधरवडा झाला होता. देवळात सगळं ओलं, भिंतींना घाम फुटलेला, मूर्तीचा दगड पाझरत होता. काकींच्या डोक्यावरचे केस गेले होते, त्यावर त्यांनी रुमाल बांधला होता. त्या सभामंडपात खांबाला टेकून बसल्या. त्यांनी बोलावलं होतं म्हणून मी आले होते, आणि पायरीच्या बाहेर छत्री धरून उभी होते.

दत्तानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. दोन्ही चिकटून राहिल्या. बराच वेळ. सरांची जाड पाकळी ओल्या दगडानं धरून ठेवली होती. मग वरून एक ओघळ आला आणि डावी पाकळी सावकाश सरकत खाली गेली.

काकी उठल्या. "नाय म्हणाला," त्या म्हणाल्या. "चला घरी."

"थांब," सर म्हणाले. तबक त्यांनी खाली ठेवलं. "हे पावसामुळं झालं. दगड ओला आहे. आजवर उजव्या पडत होत्या त्या मी पाडत होतो. जाड पाकळी मी निवडून द्यायचो. पाचही वेळा."

"पाच वेळा?" काकींनी विचारलं.

"ऑपरेशनला एकदा. मग चार डोस."

मानकरी पुढं आला. "काय बोलताय सर? देवाच्या गाभाऱ्यात उभं राहून?"

"खरं बोलतायत," दत्ता गुरव गाभाऱ्यातूनच म्हणाला. त्यानं पंच्याला हात पुसले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तबकातच दिसायचा. शाळेत आम्हीच तर लावून बघितल्या होत्या."

"आणि तू गप्प बसलास?"

"काकींना बरा वाटत होता ना," दत्ता म्हणाला. "मी कशाला बोलू?"

मानकरी दोघांवर ओरडत सुटला. सर त्याच्याकडे बघतही नव्हते. ते काकींच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, काकी रडतील. त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली.

"साऱ्या तालुक्याला समजावत फिरलात," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या पोरांना समजावलंत. त्या भगताला समजावलंत. मला एकदा समोर बसवून सांगितलंत काय, आई का गेल्या ते? माझी गाठ म्हणजे काय ते?"

"तुला पटलं नसतं..."

"कशावरून?"

सगळ्या देवळात तो एकच शब्द राहिला. काकी पायऱ्या उतरल्या, माझ्या छत्रीखाली आल्या आणि चालू लागल्या. सर मागून भिजत आले.

दोन दिवसांनी काकी आमच्या वाडीत आल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत होते, पण त्या आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या होत्या. आईची धांदल उडाली. काकी ओटीवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर येशील गो रत्नागिरीला? फायलीत सगळा इंग्रजी हाय. तू नुसतं वाचून दाखव. डाक्टरला मीच विचारणार हाय."

"डोस घेणार ना पण?"

"ते विचारल्यावर ठरवीन." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "एवढी पत्रकं लिहिलीत तुम्ही माझ्या ओटीवर. एक तरी मला वाचून दाखवलंस काय? घावनं तेवढी खाल्लीत."

मी म्हटलं, की सकाळच्या पहिल्या एसटीनं निघू.

सहाव्या डोसाच्या आधी कोल्हापूरला राहणारी त्यांची मुलगी येऊन दोघांना तिकडं घेऊन गेली. पुढचे उपचार तिथंच चालू आहेत आणि घराला कुलूप आहे. म्हणून सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या पाचव्या डोसाच्या दिवशी.

सर आमच्याच एसटीनं रत्नागिरीला आले होते, आमच्या मागे दोन बाकं सोडून. इस्पितळात काकी डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या, मी फाइल घेऊन मागे. सर उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा." सर बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"गाठ तर काढलीत," काकींनी डॉक्टरांना विचारलं, "मग सुया कशाला?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. काकींनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"आणि या दोन नाय घेतल्या तर?"

"आजार परत येण्याची शक्यता वाढते."

"घेतल्या तर येणार नाय?"

"तसं सांगता येत नाही, काकी. शक्यता कमी होते."

"देव तरी सरळ हो नाय तर नाय म्हणतो," काकी म्हणाल्या. "तुमचा आपला शक्यता, शक्यता."

डॉक्टर हसले. "आहे ते एवढंच आहे. याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल."

काकींनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. मग त्यांनी सासूबाईंचं विचारलं. त्या टेबलावर का गेल्या असतील? डॉक्टरांनी वय विचारलं, साखर होती का ते विचारलं, जुने कागद आहेत का ते विचारलं. काकींना काहीच सांगता येईना. "मग आता नक्की नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. काकींनी मान हलवली. हे उत्तर त्यांना इतक्या वर्षांत कोणीच दिलं नव्हतं, गावानं नाही आणि सरांनीही नाही.

"लावा सुई," त्या म्हणाल्या.

मी पाणी आणायला बाहेर आले. सर बाकावर ताठ बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, "काय म्हणाली?"

"घेते म्हणाल्या."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही."

त्यांनी मान डोलवली. मी पाणी घेऊन परत आले तेव्हा आतून काकींचा आवाज आला, "गो, त्यांना सांग, मला चार तास लागतील. डबा खाऊन घ्या म्हणावं."

सरांनी डबा उघडून मांडीवर ठेवला. भाकरीचा तुकडा मोडला. आत नर्सनं बाटली टांगली होती आणि काकी तिला विचारत होत्या, हे लाल पाणी कसलं, ते अंगात जाऊन कुठं कुठं फिरतं, केस मग परत येतात ते कसे. नर्स एकेक सांगत होती. सरांनी तुकडा तोंडाकडे नेला नाही. तो तसाच बोटांत धरून, मान थोडी दाराकडे कलती करून, ते तिचे प्रश्न ऐकत होते.